द्रव झेनॉन डिटेक्टर

द्रव झेनॉन डिटेक्टर म्हणजे वजा 100 अंश सेल्सियसच्या आसपास थंड करून पातळ केलेल्या झेनॉन या वायूने भरलेली टाकी. तिच्यात एखादा कण धडकला की उजेड पडतो आणि काही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि त्यावरून काय धडकलं याचा छडा लावता येतो. डार्क मॅटर हा न दिसणारा पदार्थ आहे, त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा परिणाम दीर्घिकांमध्ये दिसतो पण तो कसला बनलाय हे अजून कुणाला कळलेलं नाही, आणि तो जर विंप नावाच्या जड कणांचा असेल तर ते कण पकडायच्या शर्यतीत सध्या हेच डिटेक्टर सगळ्यात पुढे आहेत.

झेनॉनच का, तर अणू जड आहे त्यामुळे विंप त्याच्या केंद्रकाला धडकायची शक्यता वाढते, द्रव पाण्याच्या जवळपास तिप्पट दाट असतो त्यामुळे बाहेरून येणारे गॅमा किरण कडेच्या थरातच अडकतात, मधला भाग शांत राहतो आणि मोजायला तेवढाच घ्यायचा. शिवाय स्वतःचाच उजेड तो गिळत नाही.

खरी गंमत दोन चमकांची आहे. धडक झाली की लगेच अतिनील उजेडाची पहिली चमक येते, तिला एस-वन म्हणतात. सुटलेले इलेक्ट्रॉन विद्युत क्षेत्रामुळे वर सरकत जातात आणि द्रवाच्या वर जो झेनॉन वायूचा पातळ थर ठेवलेला असतो त्यात शिरले की दुसरी, बरीच मोठी चमक देतात, ती एस-टू. दोन्हींमधल्या वेळावरून खोली कळते, वरच्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबपैकी (अगदी मंद उजेडही टिपणाऱ्या नळ्या) कुठल्या उजळल्या त्यावरून आडवी जागा कळते. आणि दोन चमकांच्या प्रमाणावरून धडक केंद्रकाला बसली (विंप किंवा न्यूट्रॉन) की इलेक्ट्रॉनला (बीटा, गॅमा), हे बहुतेक वेळा वेगळं काढता येतं. अमेरिकेतल्या एलझेड प्रयोगात टाकी साधारण दीड मीटर उंच आहे आणि तळापासून वर यायला इलेक्ट्रॉनला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे वाटेत त्याला पकडणारी ऑक्सिजनसारखी अशुद्धी झेनॉनमध्ये जवळपास नसावीच लागते.

तरी माझ्या मते खरं कसब बॅकग्राउंड, म्हणजे इतर कणांच्या नको असलेल्या धडका, कमी करण्यात आहे. वैश्विक किरण टाळायला सगळं जमिनीखाली न्यावं लागतं. एलझेड साउथ डकोटातल्या होमस्टेक या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीत सुमारे दीड किलोमीटर खोल आहे, तिथेच आधी भौतिकशास्त्रज्ञ रे डेव्हिस यांनी सूर्यातून येणारे न्यूट्रिनो (कशालाही क्वचितच धडकणारे हलके कण) मोजले होते (2002 चं नोबेल). असेच दुसरे प्रयोग म्हणजे झेनॉन-एनटी इटलीत ग्रान सासो डोंगराखाली, पांडाएक्स-4टी चीनमध्ये जिनपिंग इथल्या भूमिगत प्रयोगशाळेत. पण डोंगर डोक्यावर घेऊनही रेडॉन हा किरणोत्सारी वायू पिच्छा सोडत नाही, तो टाकीच्या धातूतूनच झिरपतो, आणि हवेतून आलेला किरणोत्सारी क्रिप्टॉन-85 वेगळा काढायला कुणी ऊर्ध्वपातन करतं, कुणी कोळशातून वायू फिरवतं.

झेनॉन-10 या आधीच्या प्रयोगात धडका टिपणारा झेनॉन जेमतेम 15 किलोचा होता, एलझेडमध्ये तो 7 टन आहे. विंप मात्र अजून सापडलेला नाही. 2020 मध्ये झेनॉन-एनटीच्या आधीच्या झेनॉन-1टी या प्रयोगाला कमी ऊर्जेच्या घटना अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या, सूर्यातून येणारे अ‍ॅक्सिऑन (अजून न सापडलेले, कल्पनेतले हलके कण) असतील अशी चर्चा रंगली, पण 2022 मध्ये झेनॉन-एनटी ने बॅकग्राउंड सुमारे पाचपट कमी करून पाहिलं तर काहीच जादा नव्हतं. 2024 मध्ये एलझेडने 280 दिवसांच्या डेटातून विंप असलाच तर किती क्वचित धडकतो यावर आणखी कडक मर्यादा घातली. रिकाम्या हाताने परतले असं म्हणणं चूक ठरेल, कारण याच झेनॉन-1टी ने 2019 मध्ये झेनॉन-124 या झेनॉनच्याच एका समस्थानिकाचा क्षय मोजला, त्याचं अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या लाख कोटी पटींहून जास्त निघालं.

आता अडचण वेगळीच आहे. 2024 मध्ये झेनॉन-एनटी आणि पांडाएक्स-4टी दोघांनाही सूर्यातल्या बोरॉन-8 च्या न्यूट्रिनोंचे संकेत मिळाले, आणि हे न्यूट्रिनो हलक्या विंपसारखेच केंद्रकाला ढकलतात, त्यांना कुठलाच डोंगर अडवत नाही. न्यूट्रिनोंच्या या धुक्यापर्यंत, म्हणजे जिथे विंप त्यांच्यातून वेगळा ओळखणं अवघड होतं तिथवर, पोचायला पुढच्या पिढीचा एक्सएलझेडडी हा साधारण 60 टनांचा डिटेक्टर आखला जातोय. पण हवेत झेनॉन कोटीत एखाद्या कणाइतकासुद्धा धड नाही, तो बहुतेक स्टील कारखान्यांच्या ऑक्सिजन प्लांटमधून जोडउत्पादन म्हणून मिळतो आणि चिप उद्योग, उपग्रहांची इंजिनं यांनाही तोच हवा असतो, त्यामुळे एवढी खरेदी कित्येक वर्षं थोडी थोडी करत जावी लागणार. जमेची बाजू एवढीच की प्रयोगात झेनॉन खर्च होत नाही, प्रयोग संपल्यावर परत विकता येतो.