जनुकाचा वंशवृक्ष आणि जातीचा वंशवृक्ष: मोसंबी कुणाच्या फांदीवर?

संत्रं, पपनस, महाळुंग आणि मोसंबी यांच्या मॅट-के या जनुकाचे सिक्वेन्स (डीएनएमधल्या अक्षरांचे क्रम) घेऊन वंशवृक्ष काढला, की मोसंबी पपनसाशेजारी बसते. बूटस्ट्रॅपचा, म्हणजे फांदीला किती आधार मिळतो ते मोजणारा, आकडाही चांगला येतो. तरी एवढ्यावरून मोसंबी पपनसाची सख्खी ठरत नाही. हा वृक्ष जनुकाचा आहे, जातीचा नाही.

मॅट-के हरितलवकात असतं आणि लिंबूवर्गात हरितलवक आईकडूनच येतं. मोसंबी हा पपनस आणि संत्रं यांचा जुना संकर. तिचं मातृकुळ पपनसाचं, पण केंद्रकातल्या डीएनएत संत्र्याचा वाटा मोठा. त्यामुळे केंद्रकातलं एक जनुक तिला संत्र्याजवळ नेतं, तर दुसरं पपनसाजवळ. दोन्ही वृक्ष आपापल्या जनुकापुरते खरे.

बूटस्ट्रॅपबद्दल इथेच गफलत होते. त्यात अलाइनमेंटमधलेच (एकाखाली एक जुळवून मांडलेल्या सिक्वेन्समधलेच) स्तंभ पुन्हापुन्हा उचलून, समजा 1000 वेळा, वृक्ष काढतात. 100 टक्के आकडा आला म्हणजे त्या स्तंभांचं एकमत आहे, एवढंच. जोडीला आरबीसीएल हे जनुक घेतलं तरी नवा पुरावा मिळत नाही, कारण तेही हरितलवकातलंच. एकाच साक्षीदाराची दोनदा साक्ष. त्याऐवजी केंद्रकातला आयटीएस हा डीएनएचा तुकडा घ्या. संकरात त्याच्या क्रोमॅटोग्रामवर (सिक्वेन्स वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखावर) एकाच जागी सी आणि टी या डीएनए-अक्षरांची दोन शिखरं दिसू शकतात. सॉफ्टवेअर त्यातलं उंच शिखर निवडून मोकळं होतं आणि एका पालकाची खूण पुसली जाते. अशा जागा डोळ्यांनी तपासा; गरज पडली तर क्लोनिंग करून दोन्ही प्रती वेगळ्या वाचा.

काटोल-नरखेडच्या बागेतून नमुना घेताना आणखी एक धोका असतो. नागपुरी संत्र्याचा डोळा बहुधा जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरलेला असतो. जोडाखालच्या फुटीचं पान तोडलं तर डीएनए जंबेरीचा येतो. जंबेरीची आई संत्रं-कुळातली, बाप महाळुंग. म्हणून हरितलवकाच्या वृक्षात ही चूक सहसा लक्षातच येत नाही. केंद्रकातलं जनुक ती उघडी पाडतं. पान नेहमी जोडाच्या वरच्या फांदीचं घ्या.

जातीचा वृक्ष हवा असेल तर केंद्रकातली एकप्रती जनुकं निवडा, शेकड्यांनी मिळाली तर उत्तम. प्रत्येकाचा वृक्ष आयक्यू-ट्री या सॉफ्टवेअरमध्ये काढा आणि ते सगळे ॲस्ट्रलला, म्हणजे जनुकांच्या वृक्षांवरून जातींचा एक वृक्ष काढणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्या. मात्र ॲस्ट्रल संकर दाखवत नाही. आधी मूळ जातींचाच वृक्ष उभा करा. मोसंबी आणि जंबेरी त्यात कोंबू नका. दोन पालक दाखवायला वृक्षाऐवजी जाळं काढावं लागतं.