मुलांची झोप आणि अंधाराची वर्दी

रात्रीचे साडेनऊ वाजून गेलेले असतात, दिवा मालवलेला असतो आणि अंथरुणातून एकामागून एक मागण्या येत राहतात: पाणी हवे, पांघरूण नको, आणखी एकच गोष्ट सांगा. महिनोन्‌महिने रोज हेच चालले, तर दमलेल्या आईवडिलांना फळांच्या चवीच्या, अस्वलाच्या आकाराच्या मेलाटोनिनच्या गोळ्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. मात्र ती गोळी मुलाच्या हातावर ठेवण्यापूर्वी ती शरीरात काय करते हे समजून घेतलेले बरे, कारण तिच्या वापरातल्या बऱ्याचशा चुका ती झोपेची गोळी आहे या समजुतीतून होतात.

मेलाटोनिन हे संप्रेरक आहे. मेंदूच्या आत खोलवर असलेली, तांदळाच्या दाण्याएवढी पीनल ग्रंथी ते तयार करते. येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर यांनी १९५८ मध्ये ते गुरांच्या पीनल ग्रंथींमधून वेगळे काढले. गंमत अशी, की लर्नर यांना झोपेशी काहीच कर्तव्य नव्हते. बेडकाची त्वचा फिकी करणारे द्रव्य माणसाच्या त्वचारोगांवर उपयोगी पडते का, हे त्यांना पाहायचे होते. झोपेशी असलेले नाते पुढे उलगडले. दृष्टिपटलातील काही पेशी प्रकाशाची, त्यातही निळसर प्रकाशाची, खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या जैविक घड्याळाला देतात आणि उजेड आहे तोवर ते घड्याळ पीनल ग्रंथीला गप्प ठेवते. संध्याकाळी उजेड ओसरला, की नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी रक्तातील मेलाटोनिन वाढू लागते. ते मेंदूला गुंगी आणत नाही; रात्र झाल्याची वर्दी देते, आणि झोप त्यानंतर आपल्या वाटेने येते.

वर्दी म्हटली, की ती किती मोठ्याने दिली यापेक्षा केव्हा दिली याला महत्त्व येते. संध्याकाळी योग्य वेळी घेतलेले मेलाटोनिन जैविक घड्याळ थोडे पुढे सरकवते आणि झोप लवकर लागते. तेच पहाटे घेतले तर घड्याळ उलट मागे पडू शकते. मात्रेचेही असेच आहे. प्रौढ माणसाच्या रक्तात रात्री नैसर्गिकरीत्या जेवढे मेलाटोनिन असते, तेवढी पातळी गाठायला ०.३ मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा पुरते. पाच मिलिग्रॅमची गोळी ती पातळी कित्येक पटींनी ओलांडते, पण झोप त्या पटीत वाढत नाही. शिवाय साधी गोळी शरीरातून लवकर निघून जाते: रक्तातील तिचे प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते. म्हणून झोप लागायला वेळ लागणाऱ्या मुलाला तिचा उपयोग होऊ शकतो, पण मध्यरात्री वारंवार जागे होणाऱ्या मुलाला तिच्यापासून फारसे काही मिळत नाही.

आपण विकत आणतो ते संप्रेरक मुलाचे शरीर फुकट तयार करत असते आणि आपणच ते अडवत असतो, हे दाखवणारा एक छोटा प्रयोग मला या विषयात सर्वांत बोलका वाटतो. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांच्या घरांच्या खिडक्या झाकून आतला उजेड मंद केला, आणि झोपेच्या आधीचा एक तास त्या मुलांना खालून प्रकाशित असलेल्या टेबलावर रंगकाम करायला बसवले. त्या तासात मुलांच्या लाळेतील मेलाटोनिन सरासरी ८८ टक्क्यांनी घटले, आणि दिवा बंद केल्यावर पाऊण तास उलटूनही बहुतेकांचे प्रमाण पूर्वपदावर आले नव्हते. लहान मुलांच्या डोळ्यांतील बाहुल्या मोठ्या असतात आणि भिंग अधिक स्वच्छ असते, त्यामुळे मोठ्यांना सौम्य वाटणारा उजेड त्यांना भारी पडतो. झगझगीत दिव्याखाली किंवा पडद्यासमोर बसलेल्या मुलाला मेलाटोनिनची गोळी देणे म्हणजे एका हाताने वर्दी पुसायची आणि दुसऱ्या हाताने ती पुन्हा लिहायची.

स्वमग्नता किंवा अतिचंचलता असलेल्या मुलांमध्ये मात्र या औषधाच्या उपयोगाचा पुरावा चांगला आहे. अशा मुलांना झोप लागण्याचा वेळ लक्षणीयरीत्या कमी होतो. किशोरवयात जैविक घड्याळ निसर्गतःच मागे सरकते आणि त्यातल्या काहींनाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली फायदा होतो. इतर मुलांच्या बाबतीत आधी कारण शोधावे. मूल घोरत असेल, झोपेत त्याचा श्वास अडखळत असेल, तर टॉन्सिल किंवा नाकाच्या मागच्या भागातील ॲडेनॉइड या गाठी तपासाव्या लागतील. रात्री पाय सतत वळवळत असतील, तर शरीरातील लोह. काळजी, भीती, दुपारची लांबलेली झोप यांवर गोळी हा इलाज नाही.

औषध देण्याचे ठरलेच, तर बालरोगतज्ज्ञ सहसा अर्धा ते एक मिलिग्रॅमपासून, झोपेच्या अर्ध्या ते दीड तास आधी, सुरुवात करतात. ज्यांना फायदा होतो अशा बहुतेक मुलांना तीन ते सहा मिलिग्रॅमच्या वर जावे लागत नाही. डोकेदुखी, सकाळची सुस्ती, भयंकर स्वप्ने, अंथरूण ओले होणे हे दुष्परिणाम दिसू शकतात. अपस्माराची किंवा इतर कोणतीही औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. ठरावीक ऋतूत प्रजनन करणाऱ्या प्राण्यांमध्ये मेलाटोनिन प्रजननाचा काळ ठरवते, म्हणून वयात येण्यावर त्याचा परिणाम होतो का, ही शंका संशोधकांना पूर्वीपासून आहे. आतापर्यंतच्या पाहणीत तसा स्पष्ट दोष आढळलेला नाही, पण दीर्घकालीन अभ्यास थोडे आहेत, आणि वर्षानुवर्षे गोळी चालू न ठेवण्यास माझ्या मते एवढे कारण पुरेसे आहे.

दुसरा धोका बाटलीतला आहे. अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून नव्हे, तर पूरक आहार म्हणून विकले जाते. तिथल्या २५ प्रकारच्या चघळण्याच्या गोळ्यांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत २२ प्रकारांवरचे लेबल चुकीचे निघाले. प्रत्यक्षातील मेलाटोनिन लेबलवरच्या आकड्याच्या ७४ ते ३४७ टक्के होते, आणि एका प्रकारात तर ते मुळीच नव्हते. त्याच देशात मुलांनी मेलाटोनिन गिळल्याच्या, विषबाधा केंद्रांकडे आलेल्या घटना २०१२ मध्ये ८,३३७ होत्या, त्या २०२१ मध्ये ५२,५६३ झाल्या. त्यांतल्या बहुतेक मुलांना काही झाले नाही, तरी त्या दहा वर्षांत पाच मुलांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले आणि दोन दगावली.

म्हणून या गोळीला घरात कधीही खाऊ म्हणू नये, आणि बाटली कुलपात ठेवावी. मुलाने जास्त गोळ्या खाल्ल्याचे लक्षात आले तर ताबडतोब डॉक्टरांना किंवा विषबाधा केंद्राला कळवावे. ते सहज जागे होत नसेल किंवा श्वास मंद वाटत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. लेबलवर विसंबता आले नाही, तरी आत किती गोळ्या उरल्या आहेत हे तिथे मोजता येते.