धनस्थानातला रवी-बुध खरंच लाखात एक?

‘रवी-बुध धनस्थानात एकत्र म्हणजे लाखात एक योग, पोरगं बोलण्यात पटाईत अन् पैशात लोळणार,’ असा मेसेज गावोगाव फिरतो. धनस्थान म्हणजे पत्रिकेतलं दुसरं घर; ते धनाचं अन् वाणीचं मानतात, हे खरं. पण योग दुर्मीळ नाही. बुध सूर्यापासून साधारण २८ अंशांपलीकडे जातच नाही आणि रास ३० अंशांची. म्हणून तो सूर्याच्याच राशीत, नाहीतर शेजारच्या. पत्रिकेतली घरं लग्नराशीपासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून मोजतात अन् ती साधारण दोन तासांनी बदलते. म्हणजे रवी-बुध एकाच राशीत असतात त्या दिवसांत रोज दोनेक तास जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला हा योग मिळतो, सालदाराच्या अन् जिनिंगवाल्याच्याही. घरातल्या हळदीचे डाग पडलेल्या पत्रिका काढा, ‘र’ आणि ‘बु’ एकाच घरात कितींत आहेत मोजा. आमच्याकडे सहापैकी तीन निघाल्या. त्यातले काका बाजारात कापसाचा भाव विचारायलाही लाजतात.