मेथ सोडल्यावरची भीती ‘मनाचे खेळ’ नव्हे

दारू सुटली की हात थरथरतात, अफू सुटली की अंग मोडून येतं. कोकेन किंवा मेथ (मेथॅम्फेटामिन, एक उत्तेजक अमली पदार्थ) सोडल्यावर मात्र ‘शरीराला काही होत नाही, सगळे मनाचे खेळ’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९८० च्या निदानपुस्तिकेतही कोकेन सोडल्यानंतरच्या त्रासाला जागा नव्हती. ती १९८७ मध्ये मिळाली.

मेथ सोडून चार दिवस झालेला माणूस बघा. दिवसभर झोपतो, रात्री उठून बसतो, छाती धडधडते, दाराची कडी वाजली तरी दचकतो. घरचे म्हणतात, ‘मन घट्ट कर.’ हे फार अन्यायाचं आहे.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. मेथमुळे चेतापेशींना इजा झाली की या राखणदार पेशी खवळतात आणि सायटोकाइन्स, म्हणजे दाह वाढवणारे रेणू, सोडतात. तापात आपण चिडचिडे, उदास होतो, त्यामागेही हेच रेणू असतात. भीतीमागे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची घट आणि ताणाची संप्रेरकंही असतात, पण हा दाह त्यात भर घालू शकतो.

जपानी संशोधकांनी २००८ मध्ये मेथ सोडलेल्या १२ जणांच्या मेंदूचं पेट (PET) स्कॅन प्रसिद्ध केलं. मायक्रोग्लियाच्या सक्रियतेची खूण निरोगी माणसांपेक्षा दुपटीहून जास्त होती. कोकेनबाबत २०१४ च्या तशाच अभ्यासात अशी वाढ आढळली नाही, म्हणून दोन्हींना एकच नियम लावू नये.

दाह कमी करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नका. मदतीसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १४४४६. त्याच जपानी अभ्यासात, मेथ सोडून जितका जास्त काळ लोटला होता, तितकी ती खूण कमी दिसली.