उपास, पथ्य आणि उपासमार

सोमवारी शिवराक (शाकाहारी जेवण), एकादशीला उपास, श्रावणात महिनाभर नुस्ते, म्हणजे मासे, बंद. शेजारच्या ख्रिस्ती घरात ईस्टरआधीचा उपासकाळ. गोव्यातल्या अशा घरांत एखाद्या मुलीने ताटातला भात कमी करत आणला, तर आधी कौतुकच होते. खाणे असे तुटत जाण्याकडे आजार म्हणून पाहायला युरोपलाही बराच वेळ लागला.

लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये क्षयावरच्या ग्रंथात ताप-खोकला नसताना झिजत गेलेल्या तरुणीची नोंद केली. नाव मिळायला १८७३ उजाडले. त्या वर्षी पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल या डॉक्टरांनी वेगवेगळे वर्णन केले; गल यांचे ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव, म्हणजे मानसिक कारणाने खाणे तुटणे, टिकले. भरमसाट खाऊन ओकारी काढणे, म्हणजे बुलिमिया, हा आजार १९७९ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी वेगळा मांडला.

मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग. १९४४-४५ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. बारीक होण्याची हौस त्यांतल्या कोणालाच नव्हती. तरी ते दिवसभर जेवणाचाच विचार करू लागले, पाककृती जमवू लागले, घास तासन्‌तास चिवडू लागले. चिडचिड, उदासी, थंडी वाजणे सुरू झाले. पुन्हा पोटभर मिळाल्यावर काहींचा खाण्यावरचा ताबाच सुटला. म्हणजे आपण ज्याला हट्ट किंवा नखरे म्हणतो, त्यातले बरेचसे उपासमारच घडवते.

भारतात चित्र आणखी धूसर. दिल्लीच्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ मध्ये नोंदवलेल्या पाच तरुणींत अन्न नाकारणे, ओकाऱ्या, पाळी बंद होणे होते, पण जाड दिसण्याची ती ठरावीक भीती नव्हती. आपल्याकडेही ‘पित्त होते’, ‘पचत नाही’ म्हणून सुरुवात होते आणि एकेक पदार्थ ताटातून गळत जातो. उपास दुसऱ्या दिवशी सुटतो. इथे तो सुटत नाही, आणि सोडायला सांगितले की घाबरगुंडी उडते. मुलग्यांत तर हे जिमच्या नावाखाली खपून जाते.

उपचारांची दिशाही मिनेसोटाच्या त्या धड्याला धरूनच आहे: आधी नियमित खाणे, मग मनाची उकल. अकराची पेज, दोन वेळचे शीत-कडी (भात-कालवण), मधले खाणे, भूक लागो न लागो. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात किशोरवयीनांच्या जेवणाची सूत्रे काही काळ आईवडिलांच्याच हाती देणारी पद्धत आकाराला आली. मात्र फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट वाढणे जिवावर बेतू शकते. रक्तातले क्षार बिघडतात, म्हणून डॉक्टर हवाच. गोव्यात बांबोळीला मनोविकारांचे सरकारी इस्पितळ आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत चालू आहे.