माळ्यावरची बाटली आणि 'शंभर वर्षांची फेणी'

जुन्या घराच्या माळ्यावर लाखबंद बाटली सापडली की गोव्यात कुणीतरी म्हणतंच, "पोर्तुगीज काळातली फेणी, आता अमृत झाली असेल!" तसं होत नाही. दारू मुरते लाकडी पिंपात. काचेत ती मुरत नाही. उलट बूच सुकलं की मद्यार्क हळूहळू उडून जातो.

बाटलीचं वय ओळखायचं तर साच्याची शिवण, म्हणजे साच्याच्या जोडामुळे काचेवर उमटलेली उभी रेघ बघा. ती थेट तोंडाच्या काठापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची, म्हणजे विसाव्या शतकातली. (आणि 'पोर्तुगीज काळातली' म्हणजे शंभर वर्षांची असंही नाही; पोर्तुगीज गोव्यात १९६१ पर्यंत होतेच की!)

शिवाय बाटलीचं वय ते आतल्या द्रवाचं नव्हे. आपल्याकडे रिकामी बाटली टाकतं कोण? तिच्यात रॉकेल, फिनेल, ॲसिड, काहीही निघेल. त्यामुळे वास घेऊन किंवा जीभ लावून ओळखायला जाऊ नका.