वैमानिकाविना हवाई टॅक्सी : 'ईहांग'च्या परवान्यामागचा इतिहास

शहरातल्या शहरात हवाई प्रवास ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये 1950च्या दशकापासून हेलिकॉप्टरने प्रवासी वाहतूक होत होती. परंतु 16 मे 1977 रोजी पॅन ॲम इमारतीच्या छतावर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरचे लँडिंग गिअर मोडले, ते कलंडले आणि पाच जणांचा मृत्यू झाला, ज्यांपैकी एक व्यक्ती खाली रस्त्यावर होती. त्यानंतर त्या छतावरील सेवा बंदच झाली.

या कल्पनेला पुन्हा बळ दिले ते पंखे फिरवणाऱ्या विजेच्या लहान मोटर्सनी. 21 ऑक्टोबर 2011 रोजी जर्मनीत थॉमस सेन्केल यांनी 16 पंख्यांच्या 'व्हीसी1' या विद्युत यानातून सुमारे दीड मिनिट उड्डाण केले. अशा यंत्रात प्रत्येक पंख्याची गती क्षणोक्षणी बदलून तोल सांभाळण्याचे काम संगणकालाच करावे लागते, त्यामुळे माणसाच्या हाती उरते ते केवळ दिशा दाखवण्याचे काम. दुसरीकडे, वजनाच्या मानाने बॅटरीत साठणारी ऊर्जा विमानाच्या इंधनापेक्षा कितीतरी पटींनी कमी असल्याने ही याने लहानच ठेवावी लागतात, आणि दोन आसनांच्या यानात वैमानिक बसवला की भाडे देणारा एकच प्रवासी उरतो. वैमानिक वगळण्यामागचे खरे कारण, माझ्या मते, हे गणित आहे.

हू हुआझी यांनी 2014 मध्ये चीनच्या ग्वांगझोऊ शहरात स्थापन केलेल्या 'ईहांग' कंपनीने हे पाऊल सर्वांत आधी उघडपणे उचलले. जानेवारी 2016 मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात तिने 'ईहांग 184' मांडले : प्रवासी एक, पंखे आठ, भुजा चार. प्रवाशाने पडद्यावर उतरण्याचे ठिकाण निवडायचे आणि देखरेख जमिनीवरील नियंत्रण केंद्राने करायची, अशी त्यामागची रचना होती. फेब्रुवारी 2017 मध्ये दुबईच्या वाहतूक प्राधिकरणाने याच यानाची सेवा जुलैपासून सुरू करण्याचे जाहीर केले; प्रत्यक्षात त्या सप्टेंबरात तेथे उडाले ते जर्मन 'व्होलोकॉप्टर', तेही प्रवाशाविना. नियम तयार होण्याआधी तारीख जाहीर करण्याची ती घाई होती.

खरा अडसर नियमांचाच होता. विमानाच्या सुरक्षिततेचे प्रस्थापित नियम वैमानिक आत बसला आहे असे धरूनच लिहिलेले होते. युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने जुलै 2019 मध्ये अशा उभ्या उड्डाणाच्या यानांसाठी स्वतंत्र अटी काढल्या, परंतु त्यांचा भर वैमानिक असलेल्या यानांवर होता. चीनच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाने वेगळा मार्ग धरला. दोन आसनांच्या, 16 पंख्यांच्या 'ईएच216-एस'साठी आलेला अर्ज जानेवारी 2021 मध्ये स्वीकारून त्याने फेब्रुवारी 2022 मध्ये केवळ त्या यानापुरत्या विशेष अटी ठरवल्या आणि 13 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच्या आराखड्याला मान्यता देणारे टाइप सर्टिफिकेट दिले. प्रवासी नेणाऱ्या वैमानिकरहित विद्युत यानाला मिळालेले जगातील हे पहिलेच असे प्रमाणपत्र.

एप्रिल 2024 मध्ये उत्पादनाची परवानगी मिळाली आणि मार्च 2025 मध्ये ग्वांगझोऊ व हेफेई येथील दोन कंपन्यांना यान चालवण्याचा परवाना. तो आरंभी ठरावीक ठिकाणांहून पर्यटकांना फिरवून आणण्यापुरता असल्यामुळे, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेणारी शहरी वाहतूक असे त्याला अद्याप म्हणता येत नाही.